घरचा अभ्यास

जागा एकच उरली होती आणि ती दादाला मिळाली, हे धाकट्यानं चपला काढता काढताच सांगून टाकलं.

थोरली सून तेव्हा ताटं घेत होती. रविवार होता, जेवणं व्हायची होती, आणि निकाल ऐकायला म्हणून नणंद सकाळपासून येऊन बसली होती. "काय सांगतोस!" म्हणत नणंद उठली. भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंच्या कानाशी जाऊन तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. ज्याला जागा मिळाली तो मास्तर मात्र खिडकीपाशी उभा होता तसाच उभा राहिला. थोरलीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"अरे, हस की जरा!" नणंद म्हणाली.

"हसतोय की," मास्तर म्हणाला.

शर्टांच्या एका कारखान्यात मास्तर कापणीवर होता. त्याच्या आधी त्याच टेबलावर त्याचे वडील उभे असायचे. कापडाचे थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूनं आखायचं आणि मग विजेची सुरी अशी फिरवायची की वरच्या थरात आणि खालच्या थरात दोऱ्याचाही फरक पडता कामा नये. या एका कसबावर या घराची दोन लग्नं झाली, धाकट्याचं कॉलेज झालं आणि संपाच्या वर्षात पडलेली भिंत परत उभी राहिली. थोरली सून म्हणून आली, ती सासऱ्यांच्या शब्दावर त्याच कारखान्यात काज पाडायच्या मशीनवर बसली. तिथं तिला अजूनही सगळे काजवालीच म्हणत.

मग मालकांनी काचेची खोली बांधली. तिच्यात पडद्यावर साचे मांडले की पलीकडं मशीन आपलं आपण कापड कापायचं. काजंही आता मशीनच पाडणार होतं. जुन्या माणसांना काढून टाकतोय असं नाही, शिकवून घेतोय, असं सांगितलं गेलं. जेवणाच्या हॉलमधली बाकं सरकवून तिथं संगणक मांडले. शिकून जे तयार होतील ते नव्या कामावर, बाकीच्यांचा हिशोब. आणि शिकवायला कंत्राटावर कोण आलं, तर मास्तरचाच धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मास्तरनं त्याला "सर" अशी हाक मारली होती. अख्खा हॉल हसला होता. धाकटा तेवढा हसला नव्हता.

"बसा आता," थोरली म्हणाली. "निवतंय सगळं."

ताटं वाढली गेली. धाकटा भराभर जेवत होता आणि त्याहून भराभर बोलत होता. साहेब काय म्हणाले, त्यानं काय उत्तर दिलं, मग साहेब कसे गप्प झाले. मास्तर खाली मान घालून घास मोडत होता. लेक, म्हणजे थोरलीची कॉलेजात जाणारी मुलगी, एकदा बापाकडं आणि एकदा आईकडं बघत होती.

"आणि हिचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न इतका साधा होता, तरी तोवर तो कुणी विचारला नव्हता. ज्या सासूबाईंनी पूर्वी सुनेच्या नोकरीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच तो विचारावा याचं थोरलीलाही नवल वाटलं.

धाकट्यानं हातातला घास खाली ठेवला. "वहिनींचं थोडक्यात हुकलं, आई. हॉलमध्ये वहिनी चांगल्या होत्या. खरं सांगायचं तर दादापेक्षा खूपच चांगल्या. पण वरती घरचा अभ्यास धरतात. रोज संध्याकाळी फोनवर जे धडे पाठवायचो ना, ते. वहिनींचे निम्मे झालेलेच नाहीत. आणि दादाचे..." त्याचा चेहरा उजळला. "दादाचा घरचा अभ्यास सगळ्या बॅचमध्ये पहिला! एक चौकडीचं कापड दिलं होतं. त्यात खिसासुद्धा असा मांडलाय त्यानं की रेघेला रेघ लागते. मी सगळ्या वर्गाला दाखवलं ते. साहेब म्हणाले, मग हॉलमध्ये याचा हात का थरथरतो? मी म्हटलं, साहेब, ज्याला बोट धरून शाळेत नेलं त्याच्यापुढं परीक्षेला बसायचं, सोपं आहे का? तो माझ्यासमोर बिचकतो. माझ्या जबाबदारीवर घ्या त्याला."

चौकडीचं ते कापड थोरलीला चांगलं आठवत होतं. एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं पळी, असं उभ्या उभ्या केलं होतं तिनं ते. खिसा जागेवर बसला आणि रेघा जुळल्या, तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की भाजी खाली लागल्याचंही कळलं नव्हतं.

सुरुवात अगदी साधी झाली होती. एका संध्याकाळी मास्तरनं फोन पालथा घातला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. धाकट्याकडून बोलणी बसायला नकोत म्हणून तिनं त्याचा तेवढा एक धडा करून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो नुसता विचारायला लागला, "माझं झालं का?" जसं पाणी तापलं का विचारावं तसं. ती त्याचं आधी करायची, मन लावून, कारण त्याचं नाव मोठं होतं. स्वतःचं मग बसमध्ये, दांड्याला लोंबकळत जमेल तेवढं. दोघांनाही घेतील असंच तिनं धरलं होतं. जागा एकच उरेल आणि आपणच स्वतःला मागं टाकू, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"झालं ते बरंच झालं," नणंद म्हणाली. "दोघांतल्या एकालाच मिळायची तर त्याला मिळायला हवी. पुरुषमाणूस घरात बसला की घराची रया जाते. हिनं खूप केलं. आता जरा पाठ टेकेल."

"आत्या, तू टेकशील पाठ?" लेकीनं विचारलं.

"माझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"मी दवाखान्यात केसपेपर काढते. मलाही संगणक शिकावाच लागला. हौस होती का मला? रडत रडत शिकले. पण शिकले."

"आईनं काय केलं मग?"

"ए," थोरली म्हणाली. "जेव गपचूप."

लेकीनं घास उचलला. पण तिचं बोलणं जणू सासूबाईंनी उचललं.

"मला त्याच्या हातात फोन कधी दिसला नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"रोज संध्याकाळी मी इथंच असते. तो तिकडं गॅलरीत. फोन हिच्या हातात."

धाकट्यानं आईकडं पाहिलं, मग दादाकडं. त्याच्या कपाळावर एक आठी उमटायला लागली. थोरलीला वाटलं, आता. आता हे खरं सांगतील. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. हे बोलले तर मी म्हणेन, जाऊ दे, दोघांनी मिळून केलं. जे व्हायचं ते दोघांचं होईल.

"आई, तुला दिसतं तरी का हल्ली?" मास्तर म्हणाला. हसत म्हणाला, घरातली नेहमीची थट्टा असावी तसा. "परवा तू मला ताई म्हणून हाक मारलीस."

नणंद हसली. धाकट्याला हसायला निमित्तच हवं होतं, तोही हसला. पण त्याची आठी अजून पुरती गेली नव्हती. तो थोरलीकडं बघत होता, आणि आता सगळेच तिच्याकडं बघत होते.

"ते आतल्या खोलीत बसून करायचे," थोरली म्हणाली. "आईंना कुठून दिसणार?"

आपल्या तोंडून हे कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. सगळ्यांच्या देखत, धाकट्या भावासमोर, भरल्या ताटावर नवऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढंच असेल. इतक्या वर्षांची सवय असेल.

सासूबाईंनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. "असेल बाई," त्या म्हणाल्या. "माझे डोळेच गेलेत." आणि पुढं जेवण होईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. घरात एक माणूस आपल्या बाजूनं उभं राहिलं होतं, त्याला आपणच खाली बसवलं, हे थोरलीला कळत होतं.

जेवणं झाल्यावर धाकटा स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. हे तो कधी करत नसे.

"वहिनी, रागावलात?"

"छे! रागवायचं काय त्यात?"

"तुमच्यासाठीही बोललो मी. पण दोन नावं ओढणं शक्य नव्हतं. आधीच सगळे म्हणतात, सरांच्या घरचे आहेत." त्यानं ताट मोरीत ठेवलं, पण तो तिथंच घुटमळला. "माझंही कंत्राट या महिन्यातच बघणार आहेत ते. दादानं तिथं नाव काढलं तर माझंही निघेल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आई म्हणाली ते... तसं काही नसणार. दादाला येतं. मला ठाऊक आहे दादाला येतं."

थोरलीनं नळ सोडला. "तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं तर."

"तेच म्हणतो मी," धाकटा म्हणाला, आणि सुटल्यासारखा बाहेर गेला.

संध्याकाळी नणंद गेली, धाकटा गेला, लेक मैत्रिणीकडं जाते म्हणून निघून गेली. जाताना तिनं आईकडं वळूनही पाहिलं नाही. थोरली आतल्या खोलीत आली तेव्हा मास्तर पलंगावर बसला होता आणि फोन त्याच्या शेजारी होता. या वेळी सुलटा.

"उद्या काय करणार आहात?" तिनं विचारलं.

"शिकेन."

"उद्या?"

"आत्ता शिकव तू. तुला येतंय ना? मग शिकव."

ती त्याच्याजवळ बसली. पडद्यावर शर्टाचे भाग उघडले. पाठ, दोन पुढचे, बाह्या, कॉलर, कफ. हे सगळं मास्तर डोळे मिटून कापायचा. पण इथं ते नखाएवढे होते. बोट लावलं की पळायचे, नको तेव्हा फिरायचे, एकावर एक चढून लाल व्हायचे. मधेच एक चौकट उघडायची आणि काहीतरी विचारायची. चौकट आली की मास्तर घाईघाईनं "हो" दाबायचा.

"अहो, वाचा तरी आधी काय विचारलंय ते."

"काय विचारणार? पुढं जाऊ का म्हणत असेल."

"कधी म्हणतं, पुसून टाकू का. त्यालाही तुम्ही हो म्हणता."

"तू फार भरभर बोलतेस."

तिनं सावकाश सांगितलं. मग त्याहून सावकाश. त्याचं कपाळ घामानं भिजलं. चौकट आली की त्याचा चेहरा कसा होतो हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. कुणीतरी चारचौघांत नाव विचारावं आणि आपल्याला तेच आठवू नये, तसा. हो म्हटलं की चौकट जात होती. त्याला ती जायला हवी होती, बस.

"भाऊजींना सांगून टाका," ती म्हणाली. "आजच. अजून काही बिघडलेलं नाही."

"काय सांगू? बायकोनं परीक्षा दिली?"

"हो. तेच सांगा."

"त्यानं साहेबांना शब्द दिलाय."

"म्हणून तर सांगायचं."

मास्तरनं बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "आठवडाभर बघू. हात बसला की येईल. हातानंच तर आलंय मला सगळं आजवर."

पण हात बसायला तिथं हाताला लागण्यासारखं काही नव्हतं.

आठवडा गेला तो फोनवर. काचेच्या खोलीत फोन न्यायची बंदी होती. मास्तर जिन्याखाली येऊन तिला फोन करायचा. थोरलीचं कामावरून नाव कमी झालं होतं, ती घरीच होती. तिला आता तो पडदा पाठ झाला होता.

"आता काय दिसतंय?"

"एक चौकट आलीय."

"काय लिहिलंय तिच्यात?"

"बरंच काही लिहिलंय."

"वाचा ना मग."

"वाचून आलोय. जिना उतरेपर्यंत विसरलो."

ती हसायची आणि तोही हसायचा, पहिले दोन दिवस तरी. मग ती अंदाजानं सांगायची. तसली चौकट असेल तर नाही म्हणा, तशी असेल तर हो म्हणा, मग डावीकडचं तिसरं चिन्ह. तो पुटपुटत पाठ करायचा आणि वर जायचा. थोड्या वेळानं पुन्हा फोन. अशा रीतीनं स्वयंपाकघरातून तिनं किती शर्ट कापले कुणास ठाऊक. संध्याकाळी तो घरी येऊन सासूबाईंना सांगायचा, "जमतंय हळूहळू." सासूबाई म्हणायच्या, "छान." लेक ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

नंतरच्या मंगळवारी थोरली लॉकरची किल्ली आणि ॲप्रन परत करायला कारखान्यात गेली. कापणीची लांब टेबलं उचलून भिंतीशी उभी केली होती. जिथं तिचं मशीन होतं तिथं फरशीवर तेलाचा चौकोनी डाग तेवढा राहिला होता. तिच्याबरोबर काज पाडणारी एक बाईही किल्ली द्यायला आली होती.

"तुझ्या नवऱ्यानं कमाल केली हो," ती बाई म्हणाली. "घरबसल्या शिकला म्हणे. सर सांगत होते, काय ती चौकडी मांडली! आणि आपण बसलो काजं पाडत. आपल्याला कुठं येणार तसलं?"

"हो ना," थोरली म्हणाली. "आपल्याला कुठं येणार!"

बाहेर पडायची वाट काचेच्या खोलीवरून होती. आत थंडगार उजेड होता आणि चाकांच्या खुर्चीत मास्तर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्यानं मान वर केली. तिला पाहिलं. तिनं हात वर केला, आणि त्याच क्षणी त्यानं तोंड पडद्याकडं फिरवलं, कामात असलेला माणूस फिरवतो तसं. शेजारच्या पोरसवदा ऑपरेटरनं काहीतरी विचारलं. मास्तरनं मान हलवली. मग दोघंही पडद्याकडं बघत राहिले.

ती घरी आली. पाणी प्याली. फोन ओट्यावर ठेवून स्टुलावर बसली. करायला काही नव्हतं, भाजी चिरून झाली होती, कपडे वाळत होते.

फोन वाजला. मास्तरचा होता.

थोरली फोनकडं बघत राहिली. तो ओट्यावर थरथरत थोडा पुढं सरकला आणि थांबला. मग पुन्हा वाजायला लागला. तिच्या डोळ्यांसमोर जिन्याखालची जागा होती, भिंतीला टेकून उभा राहिलेला मास्तर होता, ओठांवर घोकून आणलेले शब्द होते. हात पुढं केला असता तर फोन हाताला लागला असता. तिनं हात मांडीवर ठेवले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोन वाजतोय ना?"

"वाजू दे," थोरली म्हणाली.

मग तो वाजायचा थांबला.

दिवेलागणीच्या आधीच मास्तर घरी आला. कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. त्याच्यामागून थोड्या वेळानं धाकटा आला. तो आत आलाच नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून लेकीनं पुस्तक मिटलं.

"काय झालं, काका?"

"सगळे डावे कापले," धाकटा म्हणाला.

"म्हणजे?"

"शर्टाचा पुढचा भाग. एक डावा असतो, एक उजवा. याच्या मांडणीत उजवा नव्हताच. मशीन विचारत होतं, उजवा भाग मांडलेला नाही, तरी कापू का? यानं हो म्हटलं. अख्ख्या ऑर्डरचं कापड होतं. थर उचलताच त्याच्याच आधी लक्षात आलं. तसाच हातात धरून उभा राहिला. मला बोलवायला माणूस आला तेव्हाही उभाच होता." धाकट्याचा आवाज फाटला. "मी विचारलं, दादा, अरे, हा पहिला धडा आहे. घरी तू हा पैकीच्या पैकी केलायस. तर म्हणतो, मी नाही केला."

"आईनं केला," लेक म्हणाली. "सगळे आईनं केले. आधी बाबांचे, मग वेळ उरला तर स्वतःचे. आजीनं सांगितलं होतं तुम्हाला."

थोरली दाराच्या चौकटीशी उभी होती. धाकटा तिच्याकडं वळला.

"वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला. याच घरात, मोरीपाशी उभा राहून विचारलं होतं."

"नव्हतं विचारलंत, भाऊजी," ती हळू म्हणाली. "दादाला येतं, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत."

धाकट्यानं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला. ते खरं होतं, आणि म्हणूनच त्याला त्याचा जास्त राग आला.

"माझं कंत्राट संपवलं त्यांनी," तो म्हणाला. "म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर घेतला होता ना? उद्यापासून दुसरा कुणी येतोय शिकवायला. बाकीच्या बॅचचे निकालही पुन्हा तपासणार आहेत. ज्यांनी खरंच अभ्यास केला त्यांच्याकडंही आता संशयानं बघणार."

"मग ती जागा आता रिकामी ना?" लेकीनं विचारलं. "आईला का नाही देत? आईलाच येतंय ते. तपासून बघा म्हणावं तिला, तिथं बसवून."

"या घरातलं नाव आता तिथं कुणी तोंडातूनही काढणार नाही. मी तर नाहीच."

"जेवून जा," भिंतीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"नको, आई."

"थोडं तरी खा."

धाकटा उत्तर न देता वळला आणि जिना उतरून गेला. लेक आजीशेजारी जाऊन बसली. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी सांगत होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर थोरलीला बरं वाटलं असतं.

तिनं आतल्या खोलीचं दार ढकललं. मास्तर पलंगाच्या कडेला बसला होता. बाहेरचं सगळं त्याला ऐकू गेलं असणार.

"फोन का नाही उचललास?" त्यानं विचारलं.

बाजारात गेले होते, असं सांगता आलं असतं. आवाज बंद होता, असंही. त्यानं ते मानलंही असतं.

"समोरच होता," थोरली म्हणाली. "ऐकू येत होता."

त्यानं नुसती मान हलवली. तो चिडला नाही. चिडला असता तर ती पुढं काही बोलली नसती.

"त्या रविवारी मी वाट बघत होते," ती म्हणाली. "आई बोलल्या, तेव्हा मला वाटलं आता तुम्ही सांगाल. तुम्ही थट्टेवारी नेलंत. ठीक आहे, सगळ्यांसमोर नसेल झेपलं. पण नंतर? इतके दिवस मी स्वतःला सांगतेय की तुम्हाला कळलंच नसेल. बायको करतेय काहीतरी फोनवर, एवढंच तुम्हाला वाटत असेल. मला ते खरंच येतंय, ती जागा माझी होती, हे तुमच्या लक्षात आलं नसेल."

"आलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात." मास्तर स्वतःच्या पंज्यांकडं बघत बोलत होता. "तू धडा करायचीस, तेव्हा मी गॅलरीतून बघायचो. अडत नव्हतीस तू. मला वडिलांनी कापायला शिकवलं, तेव्हा मीही असाच अडत नव्हतो. ते मला कळतं. दुसऱ्याचा हात बसलेला मला लगेच कळतो."

"मग? कळलं होतं तर बोलला का नाहीत?"

"कळलं होतं म्हणूनच नाही बोललो," मास्तर म्हणाला.

थोरली दारापाशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत सासूबाई लेकीला हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या आणि लेक "नाही, आजी, नाही" एवढंच म्हणत होती.

स्वयंपाक व्हायचा होता. ती ओट्यापाशी गेली, तिनं दिवा लावला, भांडं काढलं. मागं, उघड्या दारातून, मास्तर रडायला लागला होता. दाबून दाबून, ज्यांना रडायची सवय नसते ते रडतात तसं. तिला ते ऐकू येत होतं. तिनं नळ सोडला आणि तांदूळ धुवायला घेतले.